कारंज्याखालची खाण

माझ्या आईचा फोटो नाही. तिच्या काळी आमच्या वस्तीत कुणाचाच नव्हता, म्हणून लहानपणी त्याचं काही वाटायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती गेली तेव्हा मी अंगावर पीत होतो. माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा परकर-पोलक्यातली पोर होती. आईविषयी मला जे ठाऊक आहे ते सगळं आक्काच्या तोंडून आलेलं. माय उंच होती. भाकरी थापताना खालचा ओठ दातात धरायची. हसू आलं की तोंडावर पदर घ्यायची, कारण पुढचा एक दात किडलेला होता. एवढ्यावर मी माझी एक आई तयार केली होती, पण तिला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी आक्काच यायची.

माय गेली ती दुष्काळी कामावर. आमच्या जिल्ह्यातल्या एका शहराबाहेर तेव्हा पाझर तलावाचं काम निघालं होतं. त्या वर्षी रानात काही उगवलंच नव्हतं, विहिरींच्या तळाचे दगड उघडे पडले होते, आणि गावंच्या गावं कामावर जाऊन राहिली होती. आमचे वडील, म्हणजे आबा, माय, आक्का आणि मी तुराट्यांच्या खोपीत राहायचो. तलावाची भिंत घालायला मुरूम लागायचा. तो शेजारच्या टेकाडाच्या पोटातून काढत. पुरुष खणायचे, बाया पाट्या वाहायच्या. वरून खणत येण्यापेक्षा खालून पोखरलं की मुरूम लवकर सुटतो, म्हणून सगळेच पोखरत आत जायचे. एके दिवशी वरचा भाग खाली बसला. माय त्याखाली सापडली. सापडली आणखीही काही माणसं, पण ती जगली.

"मायला काई कळलं बी न्हाई, जागच्या जागी गेली," असं आक्का मला नेहमी सांगायची. मी तेच धरून मोठा झालो.

मायच्या मागं आबा त्याच कामावर राबत राहिले, कारण दुसरीकडं जायला जागा नव्हती. पुढं पाऊस पडला, पण आमच्याकडं जमीन नव्हती; मग आबांनी कोयता हातात घेतला. दरसाल दिवाळी झाली की संसार पोत्यात भरून आम्ही साखर कारखान्यांच्या मुलखात ऊस तोडायला जायचो. मला उसाच्या फडाच्या कडेला बसवून आक्का मोळ्या बांधायची. मला चार अक्षरं यावीत म्हणून तिनंच आबांच्या मागं लागून मला वसतिगृहात घातलं. मी औषधनिर्माता झालो, प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागलो. आक्का लग्न होऊन दिंद्रुडकडच्या घरात गेली आणि पुढंही कित्येक वर्षं ऊसतोडीला जात राहिली.

तलाव मात्र भरला. त्याच्या खालच्या रानांत ऊस उभा राहिला आणि त्या उसावर सहकारी साखर कारखाना. तलावाचं काम ज्या पुढाऱ्यांनी काढलं होतं त्यांनीच तो काढला; ते मोठ्या मनाचे होते असं सगळे सांगतात. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा मला तरी भेटला नाही. त्यांच्या माघारी कारखाना रखडत रखडत बंद पडला. शहर पसरत तलावापर्यंत आलं, आणि तलावाच्या काठी त्या पुढाऱ्यांचं स्मृतिस्थळ झालं. समाधी, पुतळा, बाग, रंगीत कारंजं, शिवाय दुष्काळाच्या छायाचित्रांचं एक दालन. एक मार्गदर्शक लोकांना सगळीकडं चालत फिरवून माहिती सांगतो, असं ऐकलं होतं.

मी तिथं कधी गेलो नव्हतो. आक्का तर तो रस्ताच टाळायची. माझ्याकडं बीडला यायचं झालं तरी वाट वाकडी करून दुसऱ्या बसनं यायची. मी तिला कधी कारण विचारलं नाही.

मग आमच्या केंद्रातल्या नर्सबाई मुलांना घेऊन ते स्मृतिस्थळ बघून आल्या. दुपारी रुग्णांची गर्दी ओसरल्यावर त्या सांगत होत्या की दालनात भिंतीएवढे फोटो लावलेत, बायांच्या पापण्यांवरची धूळसुद्धा दिसते. मी गोळ्यांच्या पुड्या बांधत होतो. माझा हात थांबला. माय ज्या कामावर गेली त्याच कामाचे ते फोटो होते. तिथं हजारो माणसं राबत होती हे मला कळत होतं, पण एकदा मनात आलेली गोष्ट काही जाईना. त्यातल्या एखाद्या फोटोत माय असली तर? मी तिच्यासमोर उभा राहिलो तरी मला ती ओळखू येणार नव्हती. ओळखणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

आक्काला फोन केला.  ती म्हणाली, "कावून जायचं तिथं?"

"मला मायचं तोंड बघायचंय," मी म्हणालो.

तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि ती शस्त्रक्रिया पुढं पुढं ढकलत होती. त्यानंतर ती आपणहून दवाखान्यात गेली. डोळ्याची पट्टी सुटली, औषधाचे थेंब संपले, आणि तिचा निरोप आला की आता स्वच्छ दिसतंय, कधी जायचं ते सांग.

त्या वर्षीही पावसानं दगा दिला होता. मी तिला आणायला दिंद्रुडला गेलो तेव्हा रस्त्यानं पाण्याचे टँकर लागत होते. बुद्धपौर्णिमेला नेसायची पांढरी साडी नेसून आक्का ओट्यावर तयार बसली होती. सोबत फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. वाटेत ती नातवंडांचं, शेजारणीच्या भांडणाचं काहीबाही सांगत होती. शहर जवळ आलं तशी ते सोडून खिडकीबाहेर बघायला लागली.

स्मृतिस्थळाच्या दारात मार्गदर्शक उभा होता. साठीचा, बारीक अंगाचा, डोक्याला टोपी, हातात वेताची छडी. बंद पडलेल्या कारखान्याचा खाकी गणवेश त्यानं अजून धुऊन-इस्त्री करून घातला होता. आपण पूर्वी कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो हे त्यानं आल्या आल्या सांगितलं. आमच्याबरोबर परळीकडून आलेलं एक जोडपं होतं आणि त्यांच्या दोन मुली. बाकी कुणी नव्हतं. त्यानं आम्हाला चपला काढायला लावल्या, समाधीपुढं घटकाभर उभं केलं आणि मग पाठ केलेली माहिती सांगायला सुरुवात केली. सांगताना तो आमच्याकडं न बघता आमच्या डोक्यावरून कुठंतरी बघायचा. मध्येच कुणी बोललं तर थांबायचा आणि ते वाक्य पहिल्यापासून घ्यायचा.

पुतळा झाला. मग हिरवळीवर ठेवलेला, उसाचा रस काढायचा लोखंडी रोलर झाला. पहिल्या गळीत हंगामातला तो रोलर होता. त्याला चंदेरी रंग दिला होता. मार्गदर्शकानं त्यावर हात ठेवला आणि पाठ केलेलं सोडून पहिल्यांदाच स्वतःचं काही बोलला. हा फिरायला लागला की आमच्या क्वार्टरातली भांडी हलायची, म्हणाला. मग लगेच सावरला आणि आम्हाला दालनाकडं घेऊन निघाला. आक्का माझ्या दंडाला धरून चालत होती. दंडावरची पकड घट्ट झालेली मला कळत होती.

दालन लांबट होतं आणि आत गारवा होता. फोटो खरंच भिंतीएवढे होते. वरून घेतलेला कामाचा फोटो होता, त्यात माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पीठ, वाटपाची रांग होती. दगड फोडणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. पाट्या घेऊन चढणीनं येणाऱ्या बायांची ओळ होती. मार्गदर्शक छडीनं एकेक दाखवत होता. म्हणाला, संकटानं सगळ्यांना एक केलं; जात नाही, पात नाही, हजारो माणसं एका पाणवठ्यावर पाणी पीत होती. आक्कानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. 

मी मात्र थांबायला तयार नव्हतो. बायांच्या ओळीपुढं तिला उभं केलं आणि त्यातल्या उंच बायांवर एकेक करून बोट ठेवत गेलो. ही का? न्हाई, म्हणाली. ही? न्हाई. ती मागची, पदर दातात धरलेली? आक्का अगदी जवळ गेली, नाक काचेला टेकेपर्यंत. "न्हाई रे," म्हणाली. "ही कुणी दुसरी हाय."

असं करत आम्ही शेवटच्या भिंतीपर्यंत आलो. तिथल्या फोटोपुढं आक्का उभी राहिली ती हलेचना. फोटोत एकच बाई होती. डोक्यावर मुरमाची पाटी, अंगात आरशांचं काम केलेली चोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तांड्यावरची बंजारा बाई. उन्हानं डोळे बारीक करून ती थेट आमच्याकडं बघत होती.

"ही ती," आक्का म्हणाली.

मी पुढं सरकलो. "कोण? माय?"

"माय कशी आसंल? ही तांड्यावरची. हिनं तुला पाजलंय."

मला काही कळेना. मग तिथंच, फोटोपुढं उभं राहून, हळू आवाजात तिनं सांगितलं. माय गेल्यावर मी कशालाच तोंड लावत नव्हतो. शेळीचं दूध घातलं की बाहेर काढायचो. रडून रडून माझा आवाज बसला होता. आबा खोपीच्या तोंडाशी नुसते बसून राहायचे. तेव्हा शेजारच्या टोळीतली ही बाई आपणहून आली. तिची स्वतःची मुलगी माझ्याएवढीच होती. तिनं कुणाला काही विचारलं नाही. आक्काच्या हातातून मला घेतलं आणि खाली बसली. काम सुटेपर्यंत ती येत राहिली, पाटी बाजूला ठेवून. तिचं नाव आक्कानं कधी विचारलं नव्हतं. सगळे तिला तांड्यावरची म्हणायचे. काम संपल्यावर तांडा कुठं पांगला ते कुणालाच कळलं नाही.

मी त्या बाईकडं बघत राहिलो. पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेला माणूस. मी कुणाच्या दुधावर जगलो हे मला आज कळत होतं, तेही एका भिंतीपुढं. आक्कानं हे इतकी वर्षं का सांगितलं नाही, असं मी विचारलं. आबांना आवडायचं नाही, म्हणाली. त्यांना वाटायचं, पोराला माय एकच असावी.

मग माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हिच्यापरीस माय उंच होती का?"

आक्का हो म्हणायला गेली आणि थांबली. तिनं पुन्हा त्या बाईच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग खाली फरशीकडं. म्हणाली, "हिचं तोंड बघितलं आन् समदं ध्यानात आलं. हिच्या नाकातली फुली बी ध्यानात आली. पर मायचं तोंड मला दिसंना रे. लई दिसापास्नं दिसंना."

"आन् ते ओठ दातात धरायचं? दाताचं?"

"ते खरं हाय. ते म्या सांगत आलेय म्हणून ऱ्हायलंय. पर ते निस्तं बोलणं हाय, बाळा. तोंड न्हाई त्यात."

डोळे नीट झाले की दिसेल असं तिला वाटलं होतं. तिनं तसं सांगितलं तेव्हा मी बाहेर बघत होतो, कारण तिच्याकडं बघणं मला जमत नव्हतं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आपली आई आठवत नाही यात जगावेगळं काय आहे? पण आमच्या घरात मायचा चेहरा फक्त तिच्याजवळ होता, आणि तो तिच्याजवळच आहे या भरवशावर मी आजवर होतो. तिनंही तो हरवल्याचं माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, मला वाईट वाटू नये म्हणून. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पदरानं न टिपता तशीच उभी होती. परळीचं जोडपं मुलींना घेऊन हळूच पुढं गेलं.

मार्गदर्शकानं दारातून हाक मारली. आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन डोळ्यात शिरलं. तलावाच्या भिंतीवर आता फरशा बसवल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा होता. खाली तलाव कोरडा पडला होता. चिखल वाळून त्याला भेगा गेल्या होत्या आणि मधल्या थोड्या पाण्याभोवती म्हशी उभ्या होत्या. मार्गदर्शक भिंतीची लांबी-उंची सांगत होता. आक्का मात्र भिंतीकडं बघत नव्हती. ती उलट्या बाजूला, बागेच्या पलीकडं काहीतरी शोधत होती. एकदा थांबून तिनं मागं वळून भिंतीच्या टोकाकडं बघितलं, मग पुन्हा पुढं.

भिंत संपली तिथून पायवाट वळून कारंज्याकडं जात होती. कारंजं एका मोठ्या गोल खोलगट जागेत होतं. भोवती नाटकगृहात असतात तशा पायऱ्या, तळाला निळ्या फरशा, त्यात नळ्या आणि दिवे. पाण्याअभावी ते बंद होतं. नळ्यांवर धूळ बसली होती आणि तळाला वाळका पाला साचला होता. मार्गदर्शक म्हणाला की या ठिकाणी पूर्वीपासून नैसर्गिक खळगा होता, त्याचा कल्पकतेनं उपयोग करून हे कारंजं उभारलं गेलं.

"भाऊ," आक्का म्हणाली, "ह्यो नैसर्गिक न्हाई. ह्यो आमी खंदलाय."

मार्गदर्शक थांबला. मला वाटलं, तो आता ते वाक्य पहिल्यापासून घेईल. पण त्यानं घेतलं नाही. छडी खाली केली आणि तिच्याकडं बघत राहिला.

आक्का माझा हात सोडून पायऱ्या उतरायला लागली. गुडघ्यांमुळं तिला एकेक पायरी दोन्ही पाय ठेवून उतरावी लागत होती. मी मागं धावलो. तळाशी गेल्यावर ती डावीकडं वळली आणि जिथं पायऱ्या सगळ्यात उंच होत्या, तिथं खालच्या पायरीवर बसली. हात मागं नेऊन तिनं सिमेंटवर टेकवला. मुरमाची खाण हीच, टेकाड इथून वर होतं, म्हणाली. मग मला शेजारी बसवून घेतलं आणि मी कधी न ऐकलेलं सांगितलं.

माय जागच्या जागी गेली नव्हती. लोकांनी मुरूम उपसून तिला बाहेर काढलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते. कमरेखालचं अंग चेंगरलं होतं, पण शुद्ध होती. तिनं पाणी मागितलं. कामावर पिण्याच्या पाण्याचे मोठे मातीचे डेरे ठेवलेले असायचे. आमच्या लोकांचा डेरा वेगळा, पार पलीकडच्या टोकाला. त्या दिवशी पाण्याची गाडी आली नव्हती, त्यामुळं तो कोरडा होता. जवळचा डेरा दुसऱ्यांचा. त्यावरच्या माणसापुढं आक्कानं ओंजळ केली. त्याला दिसत होतं माय कशी पडलीय ते. तो तिला हाकलतही नव्हता. नुसता म्हणत होता, थांब पोरी, गाडी येतीच हाय, तुमच्या डेऱ्यात पडंल. त्याला भोवतीच्या लोकांचं भ्या वाटत असंल, आक्का म्हणाली. मग तांड्यावरची ती बाई आपल्या टोळीच्या डेऱ्यातून पितळी तांब्या भरून घेऊन आली आणि तिनं मायच्या तोंडाला लावला.

"पिली का?" मी विचारलं.

"दोन घोट पिली. मग पानी तोंडातनं भाईर यायला लागलं."

 वर कुठंतरी परळीच्या मुली बोलत होत्या, त्यांचा आवाज त्या खळग्यात घुमून येत होता. मला मायचं दुःख झालं, त्या ओंजळ पसरलेल्या पोरीचंही झालं, आणि त्या वेळी मी कुठं होतो असं मनात आलं. पलीकडं एका बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलो होतो, असं तिनंच सांगितलं. मी तिला विचारलं की तू मला खोटं का सांगत आलीस. ती म्हणाली की तू लहान होतास. मग तू मोठा झालास, पण तोवर तेच सांगायची सवय झाली होती.

मला राग आला नाही. मी तिचा हात हातात घेतला. कोयत्यानं कापलेल्या बोटांचा, गाठी पडलेला हात. आम्ही असे कधी हात धरून बसलो नव्हतो. घरी आम्ही त्यातली माणसं नाही.

थोड्या वेळानं आक्का पदर सारखा करून ताठ बसली आणि हात जोडून तिनं बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं. तिचा आवाज गाण्याचा नाही, पण तिथं तो स्वच्छ ऐकू येत होता. मीही तिच्याबरोबर म्हटलं. मायचा अंत्यविधी त्या दिवसांत कसातरी उरकला होता. वंदना म्हणायला बोलावून आणावं असं कुणी नव्हतं, चार माणसांनी पुरलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेले. तेव्हा तिच्यासाठी जे म्हणायचं राहिलं होतं ते आम्ही बंद कारंज्यात बसून म्हटलं.

डोळे उघडले तर मार्गदर्शक दोन पायऱ्या वर उभा होता. डोक्यावरची टोपी त्यानं काढून हातात घेतली होती. इथं आत बसायला मनाई आहे, हे तो आम्हाला सांगायला आला असावा, पण ते त्यानं सांगितलं नाही. कोण गेलं होतं, एवढंच विचारलं. आक्कानं सांगितलं. मग त्यानं मायचं नाव विचारलं आणि आक्कानं ते पूर्ण सांगितलं, बापाच्या नावासकट, कामावर हजेरीला उभं राहून सांगावं तसं. त्यानं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

"मला जेवढं लिहून दिलंय तेवढंच मी सांगतो, बाई," तो म्हणाला. "हे कुणी सांगितलंच न्हाई."

आक्का म्हणाली, "तुमचा काय दोष, भाऊ."

बाहेर आल्यावर आम्ही दाराजवळच्या लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. मार्गदर्शकालाही बोलावलं. तो आधी नको म्हणाला, मग येऊन बसला. आक्कानं त्याच्या हातावर भाकरी ठेवली, वर ठेचा ठेवला. खाताना तो कारखान्याचंच बोलत होता. भोंगा बंद झाला तेव्हापासून आपल्याला दिवस कधी सुरू होतो ते समजत नाही, म्हणाला. त्याला त्या पुढाऱ्यांबद्दल खरी माया होती, आणि आक्का ते मान हलवत ऐकून घेत होती. तिला त्यांच्याबद्दल राग नव्हताच. त्यांनी काम काढलं नसतं तर आपण सगळेच उपाशी मेलो असतो, असं ती परत येताना मला म्हणाली.

त्यानंतर मी विश्वस्तांपैकी एकांना जाऊन भेटलो. कारंज्याच्या कडेला एक साधा दगड बसवावा, दुष्काळी कामावर गेलेल्यांच्या नावानं, एवढी विनंती केली. त्यांनी मला मानानं बसवलं, चहा दिला. म्हणाले, त्या काळात सगळ्या जिल्ह्यानं भोगलंय, कुणाकुणाचं नाव घालायचं?  बैठकीत विषय ठेवतो असं ते म्हणाले. मी पुन्हा एकदा जाऊन आलो, मग जायचं सोडलं. दगड बसला नाही.

काही महिन्यांनी नर्सबाईंचे पाहुणे तिथं जाऊन आले. त्यांच्याकडून कळलं की कारंज्यापाशी आल्यावर मार्गदर्शक सांगतो, हा खळगा दुष्काळात माणसांनी खणला आणि खणताना एक लेकुरवाळी बाई इथं गेली. मग तो मायचं नाव घेतो. मी लगेच आक्काला फोन केला. तिनं मला ते दोनदा सांगायला लावलं.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. परतीच्या पावसात तलाव भरून सांडव्यावरून वाहिला, आणि आक्का आपणहून म्हणाली की एकदा जाऊन येऊ. तिची तब्येत तेव्हा उतरली होती. आम्ही गेलो तर दारात दुसराच माणूस होता. आधीचे मार्गदर्शक आजारी पडून आष्टीला मुलाकडं गेले, आता इथं फिरवून माहिती सांगायला कुणी नाही, तुमचं तुम्ही बघा, असं तो म्हणाला. दालनाला कुलूप होतं. त्या बाईचा फोटो पुन्हा बघायचा राहिला.

कारंज्याच्या खळग्यात तलावाचं पाणी पाझरून आलं होतं. खालच्या पायऱ्या, नळ्या, निळ्या फरशा सगळं बुडालं होतं. पाणी हिरवट आणि शांत होतं. आक्का वरच्या पायरीवर बसून त्याकडं बघत राहिली. मायचं तोंड आठवलं का, असं मी तिला विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही तो विषयच काढत नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "पानी आलं तिथवर."

मग उठते म्हणाली. नातीला ताप होता आणि अंधार पडायच्या आत तिला दिंद्रुडला पोचायचं होतं. मी तिला हाताला धरून वर घेतलं आणि आम्ही गाडीकडं चालायला लागलो.